मूठभर बदाम आणि रात्रीची झोप

कोजागरीचे नावच मुळी जागरणाचे. त्या रात्री बदाम, पिस्ते व चारोळी घालून आटवलेले दूध आपण पितो, ते चांदण्यात जागण्यासाठी. परंतु हाच सुकामेवा रात्री खाल्ला असता गाढ झोप लागते, असा समज अलीकडे घरोघरी रूढ होऊ लागला आहे. त्यात तथ्य किती, हे पाहण्याचे निमित्त आम्हांस शेजारीच मिळाले.

भोपाळच्या अयोध्या नगरात आमचे बिऱ्हाड. भेलच्या कारखान्याचे उद्घाटन १९६० साली झाले, तेव्हापासून या परिसरातील कित्येक घरांची झोप कामाच्या पाळ्यांशी बांधली गेली आहे. पन्नाशी गाठलेल्या अशाच एका गृहस्थांच्या पत्नीने आम्हांस विचारले, "भाऊजी, ह्यांना रोज रात्री दहा बदाम देते, तरी सकाळी अंग जडच असतं. बदाम वाढवू का?"

प्रश्न साधा, उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यावयास हवे.

झोपेची चाहूल देणारे मेलॅटोनिन हे द्रव्य आपल्या मेंदूत अंधार पडल्यावर तयार होते. अक्रोडात ते मुळातच असते, पण अत्यल्प. ते घडविण्यास लागणारे ट्रिप्टोफॅन बदाम, काजू व शेंगदाण्यांतूनही मिळते. स्नायूंना व मज्जातंतूंना आवश्यक असणारे मॅग्नेशियमही या पदार्थांत असते. तथापि दहा बदामांतून ते सुमारे ३० मिलिग्रॅमच मिळते. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेचा हा दहावा हिस्साही नव्हे. तेव्हा एका मुठीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये.

प्रयोग काय सांगतात? इराणमध्ये वसतिगृहातील विद्यार्थ्यांना दोन आठवडे रोज दहा बदाम देण्यात आले. त्यांच्या निद्रानाशाच्या तक्रारी कमी झाल्याचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. बार्सिलोना येथे तरुणांना आठ आठवडे रोज ४० ग्रॅम अक्रोड देऊन पाहिले, तेव्हा झोप लवकर लागू लागल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०२५ सालचे आहेत. मात्र सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हे सारे विशी-बाविशीचे तरुण होते. चाळिशी-पन्नाशीतील झोप मोडते ती वेगळ्याच कारणांनी: स्त्रियांत ऋतुनिवृत्तीच्या काळातील अंगाची लाही, मधुमेहामुळे रात्री वारंवार उठणे, संसाराची चिंता, आणि संध्याकाळचा चहा. त्या चहातील कॅफीन शरीरात निम्म्यावर येण्यास सुमारे पाच तास लागतात.

मग सुकामेवा खाऊच नये काय? अवश्य खावा. हृदयाच्या दृष्टीने तो हितकर आहे, आणि रात्री टीव्हीपुढे शेव-नमकीनची बशी रिकामी करण्यापेक्षा मूठभर बिनमिठाचे दाणे केव्हाही बरे. महाग बदामांचाच आग्रह नको. भाजलेले शेंगदाणेही गुणाने कमी नाहीत. आपल्या मध्य प्रदेशच्या रानातील चारोळी तर घरचीच. फक्त दाणे बुरशी आलेले वा कडवट नसावेत. मूठ एकच असावी, कारण तेलाचा अंश अधिक असल्याने वजन वाढण्यास वेळ लागत नाही. ज्यांना अशा पदार्थांचे वावडे आहे, त्यांनी या वाटेस जाऊ नये.

असो. वहिनींना आम्ही उलट विचारले, "ते घोरतात का हो?"

"घोरणं सोडा," त्या म्हणाल्या, "मधेच श्वास थांबल्यासारखा होतो. मी घाबरून हलवून उठवते."

जडपणाचे मूळ येथेच असावे, हे आम्ही ओळखले आणि बदाम न वाढवता डॉक्टरांकडे जाण्यास सुचविले. झोपेत श्वास अडखळण्याचा हा विकार मध्यम वयात पुष्कळांना असतो. दुर्लक्ष केल्यास त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि दिवसा डुलकी लागते. यंत्रावर काम करणाऱ्याला किंवा वाहन चालविणाराला ती एक डुलकीही महागात पडते. तपासणीत तोच विकार निघाला व उपचार सुरू झाले.

घरगुती उपायांवर आपल्या मंडळींचा विश्वास आहे, तो असावाही. परंतु उपायाच्या भरवशावर आजार झाकला जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे. शेजारच्या घरी बदाम अजूनही भिजतात; आता ते सकाळी, पोह्यांच्या बशीबरोबर खाल्ले जातात.