हिऱ्यातले बर्फ

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आईच्या हिऱ्याच्या कुड्या घेऊन आम्ही उभयता जव्हेऱ्याकडे गेलो. मोडायला, हे सांगायला संकोच कशाला? धाकटीची कॉलेजची फी भरायची होती. जव्हेऱ्याने डोळ्याला भिंग लावले, कुडी उलटसुलट केली आणि म्हणाला, "मधल्या खड्यात डाग आहे हो." झाले! किंमत निम्म्यावर आली. हिचा चेहरा उतरला.

जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसावे. मी बसलो नाही. परतताना बसमध्येच मी हिला 2018 सालची हकीकत ऐकवली. ऑलिव्हर चाउनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही हिऱ्यांतून क्ष-किरण सोडले, तो आतल्या सूक्ष्म डागांत चक्क बर्फ निघाले!

"हिऱ्यात बर्फ? मग वितळत कसे नाही?"

प्रश्न रास्त होता. पाण्याच्या कणात प्राणवायूच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू बिलगलेले असतात. पण ही पोरे चाळीतली! राहतात आपल्या घरी, ओढ शेजारच्या प्राणवायूची. या ओढीलाच हायड्रोजन-बंध म्हणतात. बर्फाचा स्फटिक तिच्याच आधारावर उभा असतो. आपल्या नेहमीच्या बर्फात या बंधांची जाळी ऐसपैस, पोकळ. म्हणून तर ते पाण्यावर तरंगते. हवेच्या दाबाच्या सुमारे 22,000 पट दाब द्या, की एका जाळीच्या पोकळीत तशीच दुसरी जाळी शिरून बसते. हे सातव्या क्रमांकाचे बर्फ. हार्वर्डच्या ब्रिजमन यांनी ते 1937 साली जगापुढे मांडले. प्रचंड दाबांवरील कामासाठी त्यांना 1946 चे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या दाबाखाली हे बर्फ जवळजवळ 80 अंशांपर्यंत वितळत नाही. हात पोळावा असे बर्फ!

दाब आणखी वाढवा. प्राणवायूची बिऱ्हाडे जवळ जवळ सरकतात. सुमारे सहा लाख पटींच्या पुढे हायड्रोजन दोघांच्या बरोबर मधोमध येतो. पोर कोणाचे, ते सांगता येत नाही. पाण्याचा सुटा कण असा उरतच नाही. 1996 च्या प्रयोगांत याचा पुरावा मिळाला.

चाउनर यांच्या हिऱ्यांनी चारशे किलोमीटरांहून खोल जागी तप्त पाणी पोटात घेतले होते. हिरे वर आले, निवले, पण त्यांची मूठ सुटली नाही. आतले पाणी दाबातच गोठले. पृथ्वीच्या पोटात एवढ्या खोलवर मोकळे पाणी आहे, याची ही साक्ष! त्यानंतर या बर्फाची गणना खनिजांत झाली.

"आपल्या खड्यातही तेच असेल?"

खोटे कसे बोलू? ते डाग साध्या भिंगाने दिसत नाहीत. आमचा बहुधा काजळीच्या जातीचा असावा. ते हिला मुळीच पटले नाही. कुड्या डब्यात परत गेल्या आणि फी पतपेढीच्या कर्जातून भरली.

पाडव्याला धाकटीने त्या कानात घातल्या, तेव्हा ही तिला बजावत होती, "जपून गं, आत बर्फ आहे!"