काट्यावरचं कोठार

‘बाभळीच्या काट्यात सरडा आरपार खोचलेला दिसला. हे कुणी केलं असेल?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. हे काम खाटीक पक्ष्याचं. बांधावरच्या झुडपाच्या शेंड्यावर किंवा कुंपणाच्या तारेवर टेहळणी करत बसलेला, डोळ्यांवरून काळी पट्टी गेलेला हा पक्षी आपल्याकडे माळरानांवर सर्रास दिसतो.

याला क्रूर म्हणणाऱ्यांनी आधी त्याचे पाय पाहावेत. चोच ससाण्यासारखी आकडेबाज, कडेला दातासारखं टोक. पाय मात्र चिमणीच्या गणातले. भक्ष्य पंज्यात दाबून फाडण्याची ताकद त्यांत नाही. म्हणून सरडा काट्यात अडकवायचा आणि चोचीने लचके तोडायचे. काटा हे त्याचं हत्यार आहे.

उंदरासारखं मोठं भक्ष्य तो मारतो कसं, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून कळलं. अतिवेगवान कॅमेऱ्यांत दिसलं ते असं : खाटीक उंदराची मान चोचीत धरतो आणि सेकंदाला सुमारे अकरा वेळा गदागदा हलवतो. त्या हिसक्यांचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सहापट असतो. जेमतेम पन्नास ग्रॅमचा पक्षी हे करतो!

पण मला खरं अप्रूप आहे ते पक्षी-अभ्यासक रूवेन योसेफ यांच्या कामाचं. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात त्यांनी आणि बेरी पिनशॉ यांनी काही नरांच्या, काट्यांवर टोचून साठवलेल्या भक्ष्याच्या कोठारांतला माल काढून घेतला, काहींच्या कोठारांत भर घातली. भरल्या कोठारवाल्यांना माद्या लवकर मिळाल्या, पिल्लंही जास्त झाली. रिकाम्या कोठारवाल्यांना जोडीदारच मिळाले नाहीत. हा निबंध १९८९चा. काटेरी कोठार म्हणजे नराची ऐपत, आणि मादी ती पाहूनच पसंती ठरवते, हे इतक्या साध्या प्रयोगातून दाखवणं मोठं काम आहे.

पुढे फ्लोरिडात योसेफ यांना आणखी एक गोष्ट आढळली. तिथले विषारी नाकतोडे खाटीक काट्याला लावून एक-दोन दिवस तसेच ठेवतो. लोणचं मुरू द्यावं तसं! तेवढ्यात विषाचा जोर ओसरतो आणि नाकतोडा खाण्याजोगा होतो.

तेव्हा बांधावरची बोर-बाभळ साफ करताना चार काटेरी झुडपं राखा. खाटकाचं स्वयंपाकघर तिथेच असतं.