वृद्धापकाळातील निद्रा : समज आणि उपाय

“वय झाले, आता झोप कुठली ?” हे उद्गार आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. पहाटे तीन वाजता जाग येणे, मग कूस बदलीत उजाडण्याची वाट पाहणे आणि दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता डुलक्या येणे, हे सारे वार्धक्यात अटळच होय, असे वृद्ध मंडळी व त्यांचे आप्त धरून चालतात. या समजुतीने दुहेरी हानी होते. ज्यावर उपाय आहे असा विकार दुर्लक्षित राहतो. आणि ज्याला औषधाची गरज नाही अशा स्वाभाविक बदलासाठी झोपेच्या गोळ्या सुरू होतात. म्हणून स्वाभाविक काय आणि विकार कोणता, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

बदलते ते काय ?

हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांची आवर्तने रात्रभर चालू असतात. एका आवर्तनास सुमारे दीड तास लागतो. वय वाढते तसतसा गाढ झोपेचा वाटा कमी होत जातो. त्यामुळे भांडे पडल्याच्या किंवा दार वाजल्याच्या आवाजानेही वृद्धांना जाग येते. शिवाय शरीरातील जैविक घड्याळ पुढे सरकते. झोप संध्याकाळी लवकर येऊ लागते आणि पहाटे लवकर संपते. हे घड्याळ मुख्यतः प्रकाशावर चालते. उतारवयात डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, त्यातच दिवसभर घरात बसणे घडले, तर त्याला मिळणारी प्रकाशाची सूचनाच क्षीण होते.

झोपेची घडण अशी बदलली, तरी तिची गरज मात्र फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सर्वसाधारणपणे ७ ते ८ तास झोप मिळावी, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. रात्री नऊला निजलेली व्यक्ती पहाटे चारला उठली, तर तिची सात तास झोप झालेली असते. तो निद्रानाश नव्हे. दिवसा उत्साह वाटतो की नाही, हीच खरी कसोटी होय.

कारणांचा शोध

रात्री वारंवार लघवीला उठावे लागणे, हे झोपमोडीचे एक प्रमुख कारण आहे. प्रोस्टेट ग्रंथीची वाढ किंवा मधुमेह त्यामागे असू शकतो. दिवसा पायांवर आलेली सूज आडवे झाल्यावर रक्तात परतते, त्यामुळेही लघवी वाढते. लघवी होण्याचे औषध सायंकाळी घेतले जात असल्यास ते सकाळी घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे. सांधेदुखी, आम्लपित्त, आडवे होताच लागणारी धाप, ही कारणेही तपासून घ्यावीत.

मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबून दचकून जागे होणे, ही निद्राश्वासरोधाची लक्षणे आहेत. हा विकार उच्च रक्तदाबाशी निगडित असून त्यावर उपचार आहेत. रात्री पायांत अस्वस्थता येऊन ते सतत हलवावेसे वाटत असल्यास शरीरातील लोह तपासावे. पहाटेची जाग आणि तिच्या जोडीला उदासी, अन्नावरची वासना उडणे असे दिसल्यास तो नैराश्याचा विकार असू शकतो. जोडीदाराच्या वियोगानंतर हे विशेष ध्यानात ठेवावे.

गोळीचा मोह

ही कारणे न शोधता गोळी घेणे सोपे वाटते. परंतु वृद्धांच्या बाबतीत ते धोक्याचे ठरते. उतारवयात यकृत व मूत्रपिंडांचे कार्य मंदावते आणि डायझेपामसारखे औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते. रात्री न्हाणीघराकडे जाताना तोल जातो, मनुष्य पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. कालपर्यंत हिंडतीफिरती असलेली व्यक्ती एका रात्रीत परावलंबी होते. स्मरणशक्ती मंदावणे, सवय जडणे, हे दोषही आहेतच. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या निर्धोक नाहीत. त्यांमुळे भ्रम होतो, लघवी अडते. मद्याने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते. मात्र दीर्घकाळ चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती हळूहळू कमी करावी.

दिनचर्येतील उपाय

अमेरिकेतील चिकित्सकांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून औषधाऐवजी वर्तनोपचाराची शिफारस केली. त्यातील पुष्कळ गोष्टी घरच्या घरी करता येतात. रोज ठरावीक वेळी उठावे, मग रात्र कशीही गेलेली असो. सकाळी अर्धा तास उजेडात फिरावे. ज्यांना फार लवकर झोप येते, त्यांनी सायंकाळीही उजेडात बसावे. वामकुक्षी अर्ध्या तासाहून अधिक नसावी आणि तीनच्या आत आटोपावी. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. झोप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नये. वीस मिनिटांत डोळा न लागल्यास उठून मंद प्रकाशात शांत बसावे आणि झोप येताच परतावे. घड्याळ वारंवार पाहू नये.

यात कुटुंबीयांचा वाटाही मोठा आहे. दोन खोल्यांच्या घरात आजोबांची खाट बहुधा बाहेरच्या खोलीत असते आणि दूरदर्शन संचही तेथेच रात्री अकरापर्यंत चालू असतो. तो वेळेवर बंद करणे, न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा लावणे, ओली फरशी पुसून ठेवणे, यांस खर्च जवळजवळ नाहीच.

एवढे करूनही तीन महिने तक्रार राहिली, किंवा वर सांगितलेल्या विकारांपैकी एखादे लक्षण आढळले, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. विकाराची शंका असल्यास तीन महिने थांबूही नये. दोन आठवड्यांच्या झोपेची नोंद आणि चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून ज्येष्ठांसाठी सेवा उपलब्ध करण्यात आल्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला रात्रीची स्वस्थ झोप मिळणे ही चैन नव्हे. वयाकडे बोट दाखवून तिच्यावर पाणी सोडण्याचे कारण नाही.