आतड्यांचा दाह : उपवास नव्हे, योग्य आहार

वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटात कळा आणि घटत जाणारे वजन ही लक्षणे दिसली, की पुष्कळदा मूळव्याध समजून घरगुती उपाय केले जातात आणि रुग्णाचे जेवण तोडले जाते. परंतु ही लक्षणे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचीही असू शकतात. मोठ्या आतड्यात व्रण पाडणारा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ आणि डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली वर्णन केलेला ‘क्रोन्स’ विकार हे त्याचे दोन प्रमुख प्रकार होत. आतड्याच्या क्षयाची लक्षणेही अशीच असल्याने तपासणी अत्यावश्यक ठरते.

दाहाच्या काळात रक्तस्रावामुळे लोह कमी होते आणि प्रथिनांची गरज वाढते. म्हणून उपासमार घातक ठरते. विकार बळावला असता मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, अंडे असे पदार्थ थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावेत. कच्ची कोशिंबीर, उसळी, तळलेले व तिखट पदार्थ तूर्त टाळावेत. जुलाब होत असल्यास जलसंजीवनी द्यावी. दूध सोसत नसेल, तर ताजे ताक घेऊन पाहावे.

विकार शमल्यावर मात्र पथ्य कायम ठेवू नये. शिजवलेल्या भाज्या, फळे, भाकरी क्रमाक्रमाने सुरू करावी. आतडे अरुंद झाले असल्यास चोथायुक्त पदार्थांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आहार हा औषधांचा सोबती आहे, पर्याय नव्हे, हे रुग्णाने व कुटुंबीयांनी सदैव ध्यानी ठेवावे.