‘घरच्यांना घेऊन या’ म्हणाले, तर काय म्हणायचं?

मागच्या भागानंतर देगलूरच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. नोकरी आहे, बचत आहे, प्लॉट किंवा छोटं रो-हाउस घ्यायचंय. पण जागा बघायला गेलं की भावाआधी प्रश्न येतो, “मिस्टर कुठंयत? घरच्यांना घेऊन या, मग बसू.” आजचा भाग याच्यावरच.

माझं मत आधी सांगून टाकते. आवाज चढवून भाव उतरत नाही. या बाईनं कागद पाहिलेत हे समोरच्याला कळलं, की बोलण्याचा सूर बदलतो. आणि बरेचसे कागद आता मोबाइलवर दिसतात.

म्हणून पहिलं वाक्य हे ठेवा: “गट नंबर आणि प्लॉट नंबर द्या, कागद बघून मी आकडा सांगते.” नंबर द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथं चहासुद्धा घेऊ नका.

गट नंबर मिळाला की महाभूलेखवर सातबारा उघडा. सिटी सर्व्हे झालेल्या जागेचं मालमत्ता पत्रक असतं, ते बघा. विकणाऱ्याचं नाव आहे का? ‘इतर अधिकार’मध्ये बँकेचा बोजा आहे का? बोलणारा एकटा भाऊ आणि सातबारावर तीन बहिणींची नावं, असंही दिसेल. मग त्या तिघींच्या सह्यांशिवाय सौदा पुरा होत नाही. अजून एक गोष्ट आपल्या मराठवाड्यात नक्की बघायची: भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. निजामाच्या काळातल्या इनामी जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, देवस्थानच्या, आपल्याकडं बऱ्याच आहेत. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. प्लॉट असेल तर एनए आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा मागा. “एनए होणारच आहे” हा कागद नव्हे.

आता भाव. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे. तिथं त्याच भागातल्या आधीच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे आपण इंडेक्स टू म्हणतो ती, बघता येते. शेजारचा प्लॉट किती रुपयांना नोंदला गेला ते त्यात असतं. साइट कधी कधी रडवते, रात्री उशिरा बघा. कागदावर रक्कम कमी दाखवायची सवय अनेकांना आहे, त्यामुळं हा आकडा जसाच्या तसा धरू नका. सोबत रेडी रेकनरचा दर काढा. दोन्ही हातात असले, की “इथं असाच भाव चालू आहे” या वाक्याला दबायचं कारण राहत नाही.

बोलताना फूटमागे बोला. समजा ३० बाय ४० चा प्लॉट आहे, म्हणजे १,२०० चौरस फूट. फुटाला ५० रुपये कमी झाले, तर ६०,००० वाचले. “थोडं कमी करा की” यापेक्षा “फुटाला इतके” हे ऐकणाऱ्याला जड जातं. आकडा सांगितला की गप्प बसा. ती शांतता अवघड वाटते, पण ती भरायची जबाबदारी तुमची नाही.

सोबत भाऊ, नवरा, मामा, कोणालाही न्या. फक्त आकडा कोण बोलणार ते घरीच ठरवा. नाहीतर तुम्ही विचार करताय तोवर मामा म्हणतात, “चालतंय, देऊ की!” आणि भाव तिथंच बसतो. देगलूर पडलं तेलंगणा-कर्नाटकच्या सीमेवर. बैठकीत मधेच तेलुगू सुरू झालं आणि तुम्हाला कळत नसेल, तर थांबवून विचारा, “काय ठरतंय?” पैसे तुमचे आहेत. आणि ‘घरच्यांना आणा’ला उत्तर साधं आहे: “खरेदीखतावर नाव माझं येणार, भाव माझ्याशीच बोला.”

नावावरून एक फायद्याची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २० लाखांच्या घराला २०,००० रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. मोकळ्या प्लॉटला ती नाही, हे एजंट सांगायला विसरतात. ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी आधी अट होती. २०२३ मध्ये ती निघाली.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून द्यावी असं आवाहन होतं. तिथं देणारा नवरा होता. तुम्ही स्वतःच्या पगारातून विकत घेताय, म्हणजे कुणाच्या मनावर काही अवलंबून नाही.

इसार देताना रोख नको, चेक किंवा यूपीआय. इसारपावतीत गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, एकूण रक्कम, रजिस्ट्रीची तारीख आणि व्यवहार फिसकटला तर पैसे कधी परत, हे सगळं लिहून घ्या. पूर्वी शंभरच्या बाँडवर नोटरी करून प्लॉट ‘विकायचे’. आता बाँड पाचशेचा झाला, पण त्यानं तुम्ही मालक होत नाही. नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. त्याआधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढा, त्या फीमध्ये काटकसर नको.

आणि रजिस्ट्रीचे पेढे वाटून थांबू नका. फेरफार लागला का ते बघत राहा. नोटिशीनंतर १५ दिवस हरकतीसाठी असतात. मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पुन्हा उघडा, नाव नीट चढलंय का तपासा, आणि नगरपरिषदेत घरपट्टीला तेच नाव लावून घ्या.