आरंभीच्या छायाचित्रणातील उद्भासन व केंद्रीकरण

संवेदनशील पृष्ठभागावर आवश्यक तेवढा प्रकाश पडू देणे म्हणजे उद्भासन किंवा एक्सपोजर. प्रतिमा रेखीव उमटावी म्हणून भिंगाचे अंतर जुळवणे म्हणजे केंद्रीकरण किंवा फोकस. १८३९ मध्ये दागेरोटाइप पद्धत जाहीर झाल्यानंतर सुमारे ५० वर्षे ही दोन्ही कामे मुख्यतः अनुभवाने केली जात. डोळ्याला दिसणारा प्रकाश आणि काचेवर परिणाम करणारा प्रकाश एकच नसणे, ही त्यातील प्रमुख अडचण होती.

काचेची संवेदनशीलता

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या ओल्या कोलोडियन पद्धतीतील काच मुख्यतः निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांना प्रतिसाद देई. त्यामुळे निळे आकाश पांढरे, तर तांबडे वस्त्र काळे उमटे. सायंकाळचा पिवळसर उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला, तरी काचेला तो अपुरा पडे.

केंद्रीकरण

कॅमेऱ्याच्या मागील बाजूस दुधी काच असे. डोक्यावर काळे कापड घेऊन छायाचित्रकार तिच्यावरील उलटी प्रतिमा पाही व भिंग पुढेमागे सरकवी. नंतर त्याच जागी संवेदनशील काच बसवली जाई. तरीही चित्र अस्पष्ट येण्याचा संभव असे. कारण साध्या भिंगातून जाणारे निळे किरण पिवळ्या किरणांपेक्षा भिंगाच्या अधिक जवळ एकत्र येतात. हा फरक प्रयोगाने ठरवून भिंगाचे अंतर तेवढे बदलावे लागे. लंडनमधील छायाचित्रकार आंत्वान क्लोदे यांनी त्यासाठी निरनिराळ्या अंतरांवर खुणा असलेले उपकरण तयार केले. छायाचित्रात सर्वांत रेखीव उमटलेल्या खुणेवरून फरक कळे. पुढे हा दोष दूर केलेली भिंगे प्रचारात आली.

उद्भासन

भिंगावरील टोपण काढून, घड्याळ पाहून किंवा आकडे मोजून ते पुन्हा बसवले जाई. ऋतू, दिवसाची वेळ, ढग, विषयाचा रंग व भिंगाचे छिद्र यांवरून वेळ ठरे. छिद्राचा व्यास निम्मा केल्यास वेळ चौपट लागे. ओली काच वाळण्यापूर्वीच, साधारणपणे १० मिनिटांच्या आत, विकसित करावी लागे. पिवळ्या उजेडाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नसल्याने प्रतिमा उमटताना पाहता येई. ती झपाट्याने उमटल्यास प्रकाश जास्त झाला, रेंगाळल्यास कमी पडला असे समजे व पुढील काचेसाठी वेळ बदलता येई.

मापनाचा आरंभ

प्रकाशाने काळवंडणारा कागद ठरावीक छटेपर्यंत येण्यास किती वेळ लागतो, यावरूनही उद्भासनाचा अंदाज घेत. आल्फ्रेड वॉटकिन्स यांचा १८९० चा मापक याच तत्त्वावर आधारलेला होता. हा कागदही मुख्यतः निळ्या किरणांना प्रतिसाद देत असल्याने तो डोळ्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरे. विशिष्ट रंगद्रव्यांमुळे काच इतर रंगांनाही संवेदनशील होते, हे हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्येच दाखवले होते. १९०६ पासून सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा विक्रीस आल्या. १९३० च्या दशकात विद्युत प्रकाशमापकांचा वापर वाढला आणि अंदाजावरील भिस्त कमी झाली.