घायपाताची दारू आणि नावाचा हक्क

घायपात ही वनस्पती आमच्या वाचकांना अपरिचित नाही. शेताच्या कुंपणाला ती लावावी, पात्यांचा वाख काढून दोर वळावेत, यापलीकडे आपण तिच्याकडून काही अपेक्षिले नाही. मेक्सिको देशात मात्र याच कुळातील वनस्पतींनी शेकडो वर्षे माणसांना पेय पुरविले. त्या पेयांच्या बाटल्या आता आपल्या किनाऱ्यावरील दुकानांच्या फळ्यांवर दिमाखाने उभ्या आहेत आणि फेणीच्या कितीतरी पट किमतीला खपत आहेत. ज्यांना दारू वर्ज्य आहे त्यांनीही हा लेख वाचण्यास हरकत नाही. कारण यात पेल्याइतकाच प्रश्न नावाचा आहे, आणि नावाचा प्रश्न गोमंतकालाही चुकलेला नाही.

प्रथम एक घोटाळा दूर करू. टकीला आणि मेस्काल ही दोन निराळी कुळे नव्हेत. मेस्काल हे घायपातापासून गाळलेल्या दारूचे जुने, सर्वसाधारण नाव होय. हालिस्को प्रांतातील टकीला गावाच्या परिसरात गाळलेली ती ‘टकीलाची मेस्काल’, आणि पुढे लोकांनी शेपूट ठेवून डोके गाळले. गाळलेली नव्हे, नुसती आंबवलेली ‘पुल्के’ त्याहून कितीतरी प्राचीन. जून घायपाताचा गाभा कोरून त्यात साठणारा गोड रस काढायचा, तो आपोआप आंबतो. माडाची सूर ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागणार नाही.

किंबहुना नाते याहूनही जवळचे असावे. १५६५ पासून स्पेनची गलबते फिलिपिन्समधील मनिला आणि मेक्सिकोचा पश्चिम किनारा यांच्यामध्ये ये-जा करू लागली. त्यांतून आलेल्या फिलिपिनो लोकांनी कोलिमा भागात माड लावले आणि माडाची दारू गाळण्याची आपली साधी भाटीही सोबत आणली. तीच भाटी पुढे घायपाताच्या कामी आली, असे अनेक अभ्यासक मानतात. माडाच्या फेणीच्या मुलुखात राहणाऱ्यांनी हे ऐकून थोडी कॉलर ताठ केली तर आम्ही दोष देणार नाही.

करण्याची रीत अशी. घायपाताची पाती तासून टाकली की अननसासारखा दिसणारा, पुष्कळदा ४० किलोंहूनही जड असा गाभा उरतो. मेस्कालसाठी तो जमिनीत खणलेल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, वर माती लोटून काही दिवस भाजतात. मेस्कालच्या प्रसिद्ध धुरकट वासाचे मूळ या खड्ड्यात आहे. टकीलाचे गाभे बहुधा वाफेच्या भट्टीत शिजतात, म्हणून तिला धुराचा वास नसतो. टकीला केवळ एकाच जातीच्या, निळसर घायपाताची असावी लागते. मेस्काल अनेक जातींची चालते. लागवडीखालील ‘एस्पादिन’ सहा ते आठ वर्षांत तयार होतो, तर डोंगरकड्यावरील ‘तेपेस्ताते’ पक्व व्हायला पंचवीस वर्षेही लागतात. एका बाटलीसाठी पाव शतक! तिची किंमत ऐकून भुवया उंचावणाऱ्याने हा हिशेब ध्यानी घ्यावा.

निवड करणाऱ्याने बाटलीवर काय वाचावे? टकीला असेल तर ‘शंभर टक्के घायपात’ हे शब्द आधी शोधावेत. ते नसतील, तर ४९ टक्क्यांपर्यंत साखर अन्यत्रची, बहुधा उसाची, असू शकते, आणि कायद्याने त्यालाही टकीलाच म्हणतात. रंगाला भुलू नये. ‘ब्लांको’ न मुरवलेली, ‘रेपोसादो’ ओकच्या लाकडात निदान दोन महिने, ‘आन्येहो’ एक वर्ष, आणि २००६ पासून मान्य झालेली ‘एक्स्ट्रा आन्येहो’ तीन वर्षे. पण मुरवलेल्या टकीलात एक टक्क्यापर्यंत कॅरॅमेल, ग्लिसरीन, ओकचा अर्क वा पाक घालण्यास कायद्याची मुभा असल्याने सोनेरी रंग हा वयाचा दाखला नव्हे. घायपाताची खरी चव ज्याला हवी त्याने ब्लांकोच घ्यावी, असे आमचे मत.

मेस्कालच्या बाबतीत २०१६ च्या नियमाने केलेली व्यवस्था आम्हांला अधिक शहाणपणाची वाटते. तिथे वर्ग ठरतो तो करण्याच्या पद्धतीवरून. नुसती ‘मेस्काल’ असेल तर पोलादी यंत्रे व उभे स्तंभ चालतात. ‘आर्तेसानाल’ म्हणजे खड्डा किंवा दगडी भट्टी, आणि थेट आचेवरची भाटी. ‘आन्सेस्त्राल’ म्हणजे वाडवडिलांची रीत: खड्ड्यात भाजणे, हातच्या मोगरीने किंवा दगडी चाकाने कुटणे आणि मातीच्या भांड्यात गाळणे. सोनोरा प्रांतातील बाकानोरा आणि हालिस्कोची राइसिया ही याच घराण्यातील आणखी दोन नावे. सोतोल मात्र घायपाताची नव्हेच, ती दुसऱ्याच वनस्पतीची. बाकानोरावर १९१५ मध्ये बंदी आली ती १९९२ पर्यंत टिकली. तितकी वर्षे लोक ती डोंगरात लपून गाळीत राहिले आणि २००० मध्ये त्याच सरकारने तिला संरक्षित नाव बहाल केले.

आता नावाच्या प्रश्नाकडे येऊ. टकीलाला हे संरक्षण १९७४ मध्ये मिळाले, मेस्कालला १९९४ मध्ये. मेस्कालच्या घोषणेत प्रारंभी पाचच प्रांत होते, नंतर इतरांची भर पडली. जे गाव रेषेबाहेर राहिले, किंवा रेषेच्या आत असूनही प्रमाणपत्राचा खर्च ज्याला झेपला नाही, त्याची आजोबांपासूनची मेस्काल एका रात्रीत मेस्काल उरली नाही. त्याला बाटलीवर ‘घायपाताची गाळीव दारू’ एवढेच लिहिता येते. २०११-१२ च्या सुमारास तर ‘आगावे’ हा शब्दच संरक्षित नावांच्या बाहेरील उत्पादकांना वापरू देऊ नये, असा प्रस्ताव पुढे आला होता. वनस्पतीचे नाव कोणाच्या मालकीचे कसे होईल, असा गिल्ला तिथल्या अभ्यासकांनी व ग्राहकांनी केला आणि तो प्रस्ताव बारगळला.

दुसरी किंमत रानाने मोजली. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. फुलोरा आला की साखर गाभ्यात राहत नाही, म्हणून तो येण्याआधीच झाड कापतात. निळ्या घायपाताची लागवड पिल्लांपासून होते, त्यामुळे शेतेच्या शेते एकाच झाडाची नक्कल. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रोग पसरला तेव्हा त्याची फळे भोगावी लागली. फुलांतील मधावर जगणारी आणि परागीकरण करणारी वटवाघळेही त्यामुळे उपाशी राहतात. त्यात भावाची चढउतार: २०२० च्या आसपास भाव गगनाला भिडले, सर्वांनी घायपात लावला, आणि तो कापणीला येईतो २०२४ पर्यंत भाव कोसळले.

फेणीला भौगोलिक निर्देशन २००९ मध्ये मिळाले. २०११ मध्ये दख्खनच्या पठारावरील घायपाताची दारू गोव्याच्या बाजारात आली, तिला टकीला म्हणता आले नाही, आणि ते न्याय्यच. जो न्याय आपण टकीलाला देतो तो फेणीसाठीही मागू. पण मागताना मेक्सिकोची यादी समोर ठेवावी. बोंडू पायाने तुडविले की यंत्राने, भाण मातीचे की तांब्याचे, आच लाकडाची की वायूची, हे गिऱ्हाइकाला बाटली पाहून कळेल अशी वर्गवारी भाटीवाल्यांनी स्वतःच एकत्र बसून ठरवावी. तिचा खर्च सत्तरीच्या वा काणकोणच्या एका भाटीच्या मालकालाही परवडेल असा असावा, आणि ठरविणाऱ्यांच्या बैठकीत त्याला खुर्ची असावी.